फ्लॅटची मंदी खरोखर संपली काय?

आमच्या भिवंडीच्या पेढीवर दुपारच्या चहाला पूर्वी सुताच्या भावाची चर्चा होत असे. आता ती फ्लॅटच्या भावाची होते. माग भंगारात गेले, शेडच्या जागी गोदामे आणि इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा बोलण्याचा विषयही बदलला, हे ओघानेच आले. परवा आमचा भाचा आला. पंधरा वर्षे नोकरी करून आणि गावाकडच्या जमिनीची वाटणी घेऊन त्याने काही रक्कम जमवली आहे. त्याने विचारले, "मामू, मंदी संपली असं सगळे सांगतात. मग आता घर घ्यावं, की आपल्याला उशीर झाला?"

हा प्रश्न आमच्या अनेक वाचकांच्या घरात विचारला जात असणार, म्हणून त्याचे उत्तर येथे जरा सविस्तर देत आहोत. आम्ही बिल्डर नाही आणि दलालही नाही. कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढली आहेत आणि दोन मंद्यांमध्ये आमच्या घरचे पैसे अडकले आहेत. तेवढ्या तजुर्ब्यावर हे लिहीत आहोत.

पहिली मंदी आम्ही तरुणपणी पाहिली. १९९१ नंतर देशाचा कारभार खुला झाला, परदेशी कंपन्या मुंबईत कचेऱ्या शोधू लागल्या आणि १९९५ च्या सुमारास नरिमन पॉइंटच्या जागा जगातल्या सर्वांत महागड्या कचेऱ्यांमध्ये गणल्या जाऊ लागल्या. त्याच वर्षी आमच्या अब्बांनी मीरा रोडला एक फ्लॅट घेतला, "आणखी थांबलो तर हातचा जाईल" या भीतीने. त्यानंतर बाजार जो बसला तो अनेक वर्षे उठला नाही. दर दिवाळीला आणि दर ईदला दलाल येऊन सांगत, "भाईजान, तळ लागला, आता वरच." अब्बांनी ज्या भावाने घेतला होता तो भाव आम्हाला २००४ साली पुन्हा दिसला. मधल्या नऊ वर्षांत त्याच रकमेचा माल कितीदा फिरवता आला असता, हा हिसाब अब्बा कधी बोलून दाखवीत नसत, पण मनात करीत असत हे आम्हाला ठाऊक होते.

ती मंदी का उठली? नव्वदीच्या मध्यावर गृहकर्जाचा दर चौदा टक्क्यांच्या वर होता, तो २००३-०४ पर्यंत आठ टक्क्यांच्या आसपास उतरला. २००१ च्या अर्थसंकल्पात गृहकर्जाच्या व्याजावरील आयकराची वजावट दीड लाखापर्यंत वाढवण्यात आली. पगारदार माणसाच्या हप्त्यात घर बसू लागले. मग २००५ साली गिरणगावातल्या बंद सरकारी गिरण्यांच्या जमिनी लिलावात शेकडो कोटींना गेल्या. ज्या गिरण्यांच्या कापडावर आमच्या वडिलांच्या पिढीने धंदा केला, त्यांच्या जमिनीला कापडापेक्षा जास्त भाव आहे हे त्या दिवशी उघड झाले. असो.

दुसरी मंदी २०१३ च्या सुमारास सुरू झाली आणि तिची गंमत अशी की ती पाटीवर दिसतच नव्हती. आमच्या धंद्यात सकाळी सूत उतरले की संध्याकाळपर्यंत ग्रे कापडाचा भाव मीटरमागे तुटतो. ज्याला माल काढायचा आहे तो तोटा खाऊन काढतो आणि मोकळा होतो. फ्लॅटचे तसे नाही. गिऱ्हाईक वर्षभर फिरकले नाही तरी बिल्डरच्या ऑफिसातला दर तोच राहतो. याला कारणे आहेत आणि ती समजून घेतली पाहिजेत.

बिल्डरने कर्ज घेतलेले असते ते न विकलेल्या फ्लॅटांच्या किमतीवर. त्याने स्वतःच दर उतरवला तर तारणाची किंमत उतरते आणि सावकार दारात उभा राहतो. ज्यांनी आधी जास्त भावाने बुकिंग केले ते भांडायला येतात, ते वेगळेच. आणि तिसरे कारण सरकारचे. २०१३ च्या अर्थसंकल्पाने नियम केला की रेडी रेकनरपेक्षा कमी भावाने सौदा झाला तर फरकाची रक्कम विकणाऱ्या बिल्डरच्या उत्पन्नात धरायची, आणि घेणाऱ्याच्याही. म्हणजे बाजार खाली आणि रेकनर वर असला, तर खऱ्या भावाने विकण्यावर दोन्हीकडून कर! पुढे सरकारला अडचण कळली. फरकाची सूट २०१८ मध्ये पाच टक्के आणि २०२० मध्ये दहा टक्के झाली. नोव्हेंबर २०२० ते जून २०२१ या मुदतीपुरती, दोन कोटींपर्यंतच्या नव्या घरांच्या पहिल्या विक्रीसाठी, ती वीस टक्क्यांपर्यंत नेली. ही सूट द्यावी लागली यातच मंदीची कबुली होती.

तोपर्यंत बिल्डर दुसऱ्या वाटेने भाव उतरवीत होते. पार्किंग फुकट, वरच्या मजल्याचा जादा आकार माफ, स्टँप ड्युटी आमच्याकडून, स्वयंपाकघर तयार करून देऊ. आमच्या भाषेत याला वटाव म्हणतात. बिलावर भाव पूर्ण लिहायचा आणि पेमेंटच्या वेळी कापायचा. याखेरीज २०:८० ची योजना होती, म्हणजे वीस टक्के आता भरा, बाकीच्याचे कर्ज बँक बिल्डरला आधीच देईल आणि कबजा मिळेपर्यंतचे व्याज बिल्डर भरील. त्यात बिल्डर बसला की व्याज गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडत असे. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना आणि नॅशनल हाऊसिंग बँकेने २०१९ मध्ये गृहकर्ज कंपन्यांना यापासून रोखले, ते योग्यच झाले.

आता पाटीवरचा भाव सात वर्षे तसाच राहिला तर त्याचा अर्थ काय, हे साध्या हिसाबाने पाहू. महागाई सालीना पाच टक्क्यांच्या आसपास धरली तर सात वर्षांत १०० रुपयांची खरी किंमत ७१ रुपये उरते. म्हणजे २०१३ मध्ये एक कोटीला असलेला फ्लॅट २०२० मध्येही एक कोटीलाच असेल, तर तो प्रत्यक्षात २९ टक्क्यांनी स्वस्त झाला. मालक म्हणतो, "आमचा भाव पडला नाही." गिऱ्हाईक म्हणते, "भाव पडतच नाही हो!" दोघेही पाटी पाहत असतात आणि मंदी पाटीच्या मागून निघून जाते.

त्या सात वर्षांत बाजाराने एकामागून एक धक्के खाल्ले. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली आणि जुन्या घरांच्या सौद्यातला रोखीचा भाग एका रात्रीत अडकला. मे २०१७ पासून महारेरा आणि जुलै २०१७ पासून जीएसटी आला. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएलअँडएफएस ही मोठी वित्त कंपनी देणी चुकवू लागली, तेव्हा बिल्डरांना पैसा पुरवणाऱ्या सगळ्याच बिगर-बँक कंपन्यांनी हात आखडता घेतला आणि अर्ध्या उभ्या इमारती जागच्या जागी थांबल्या. त्यानंतर कोरोना. एप्रिल २०२० मध्ये मुंबईत घरांची नोंदणी जवळजवळ शून्यावर होती.

आणि तेथूनच बाजार फिरला असे आज सांगितले जाते. महाराष्ट्र सरकारने १ सप्टेंबर २०२० पासून मुंबईतील स्टँप ड्युटी पाच टक्क्यांवरून दोन टक्के केली, जानेवारी ते मार्च २०२१ या काळात ती तीन टक्के ठेवली. एक कोटीच्या घरावर तीन लाख वाचत होते. रेपो दर मे २०२० पासून चार टक्क्यांवर होता, गृहकर्ज सात टक्क्यांच्याही खाली मिळू लागले. डिसेंबर २०२० या एका महिन्यात मुंबईत १९ हजारांहून अधिक दस्त नोंदले गेले. वर्तमानपत्रांनी लगेच लिहिले, मंदी संपली.

आम्ही तेव्हा त्यावर विश्वास ठेवला नाही. याचे कारण सोलापूर. तेथील आमचे एक जुने स्नेही टॉवेल विणतात आणि त्यांचा माल निर्यातदारांमार्फत अमेरिकेला जातो. नवीन घरात जाणारा माणूस टॉवेल, चादरी आणि पडदे घेतो, म्हणून ते अमेरिकेतल्या घरांच्या विक्रीवर नजर ठेवून असत. तेथे घरांचे भाव २००६ च्या मध्यावर शिखरावर होते, मग कोसळले. २००९ मध्ये तेथील सरकारने पहिले घर घेणाऱ्यास ८,००० डॉलरपर्यंत करात सवलत दिली. विक्री वाढली, भावही थोडे सावरले, तळ लागला असे मोठमोठे लोक म्हणू लागले. सवलतीसाठी सौदा करण्याची मुदत ३० एप्रिल २०१० ला संपली. जुलैमध्ये जुन्या घरांची विक्री एका महिन्यात सुमारे २७ टक्क्यांनी पडली, भाव पुन्हा घसरू लागले आणि खरा तळ लागला तो २०१२ च्या सुरुवातीला. तोपर्यंत भाव शिखरापासून एक चतुर्थांशाहून अधिक उतरले होते. २००९-१० मध्ये ज्यांनी "तळ आला" म्हणून घर घेतले त्यांनी आणखी दोन वर्षे तोटा पाहिला. जी विक्री दिसत होती ती पुढच्या वर्षाची गिऱ्हाइके आधीच ओढून आणलेली होती.

आमच्या बाजारात सणाआधी सेल लागला की असेच होते. सेलमध्ये ठाणे उठतात, म्हणून कोणी शहाणा व्यापारी दुसऱ्या दिवशी गाठी मागवीत नाही. सेलचा फलक उतरल्यानंतर पंधरवड्याने गल्ल्यावर किती जमते ते तो पाहतो.

मग मुंबईत फलक उतरल्यावर काय झाले? सवलत मार्च २०२१ अखेर संपली. एप्रिलमध्ये नोंदणी उतरली, त्यात दुसऱ्या लाटेचाही हात होता. पण ती जुन्या पातळीवर जाऊन बसली नाही. २०१९ या वर्षी मुंबईत ६८ हजारांच्या आसपास दस्त झाले होते. २०२१ मध्ये ते १ लाख ११ हजारांच्या वर गेले. एप्रिल २०२२ पासून मेट्रोचा एक टक्का अधिभार लागून ड्युटी सहा टक्के झाली, म्हणजे सवलतीच्या आधी होती त्यापेक्षाही जास्त. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर चढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत चार टक्क्यांचा साडेसहा टक्के केला. हप्ते वाढले. तरीही २०२२ मध्ये नोंदणी आणखी वाढली, २०२३ मध्येही वाढली आणि २०२४ मध्ये ती १ लाख ४१ हजारांच्या घरात पोहोचली. औषध काढून घेतले, वर पथ्य कडक केले आणि रोगी चालतच राहिला. तेव्हा आमचे मत असे झाले आहे की मुंबईच्या बाजाराची मंदी २०२१-२२ मध्ये खरोखर संपली. २०२५ मध्ये रेपो दर पुन्हा उतरवण्यात आला, पण बाजार त्याआधीच उभा होता.

येथे एक सावधगिरीचा शब्द. हे आकडे मुंबई शहर आणि उपनगरांच्या नोंदणीचे आहेत. आपले बहुतेक वाचक जेथे घर पाहतात ते मुंब्रा, कौसा, भिवंडी, कल्याण किंवा मीरा रोड त्यात येत नाही. शिवाय दस्तांची संख्या सांगते की सौदे झाले, कोणत्या किमतीच्या घरांचे झाले ते सांगत नाही. एक लाख दस्तांत पाच कोटींची घरे किती आणि चाळीस लाखांची किती, यावर सगळे अवलंबून आहे. आमच्या नजरेस जे पडते ते असे की उंच मनोऱ्यांचे बुकिंग पहिल्या आठवड्यात होते आणि एका खोलीच्या घरासाठी फिरणारा माणूस दोन-दोन वर्षे फिरतो.

आपल्या भागाचा हाल पाहायचा तर कापडाचा साठा मोजतो तसा मोजावा. हजार ठाणे गोदामात पडली आहेत आणि महिन्याला पन्नास उठतात, तर वीस महिन्यांचा साठा झाला. त्या परिसरात न विकलेले फ्लॅट किती आणि महिन्याला विकतात किती, हाच भागाकार. महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकल्पात एकूण किती फ्लॅट, किती बुक झाले आणि पूर्ण करण्याची तारीख किती वेळा पुढे गेली, हे कोणालाही पाहता येते. दलालाच्या तोंडी हिसाबापेक्षा हे अर्ध्या तासाचे काम बरे. एकाच वस्तीतले आठ-दहा प्रकल्प पाहिले की चित्र कळते. साठा दीड वर्षाच्या आत असेल तर बिल्डर भाव सोडणार नाही. तीन-चार वर्षांचा असेल तर तेथे मंदी अजून मुक्कामाला आहे, पाटी काहीही म्हणो.

आता आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा जो खास प्रश्न आहे त्याकडे येतो. व्याजाचे कर्ज नको म्हणून रोख जमवून घर घेणारे आपल्यात बरेच आहेत. त्यांना मंदी संपल्याची बातमी खुशखबर म्हणून सांगितली जाते, ती खरे तर त्यांच्यासाठी वाईट बातमी आहे. मंदीत बिल्डरला रोकड हवी असते, तेव्हा पूर्ण रक्कम घेऊन समोर बसणाऱ्याचे वजन असते आणि तो दहा-पंधरा टक्के कापून घेऊ शकतो. तेजीत बँकेच्या पैशाने घेणारी गिऱ्हाइके रांगेत असतात, मग रोखवाल्याला कोण विचारतो? २०१७ ते २०२० हा त्यांचा हंगाम होता आणि आपल्या लोकांनी त्यातला बराचसा "अजून उतरेल" म्हणून घालवला. आम्हीही घालवला.

रोखीने घेणाऱ्याचा आणखी एक तोटा आहे तो कोणी सांगत नाही. बँक कर्ज देताना जमिनीचा सातबारा, बांधकामाची परवानगी, मालकीची साखळी हे सगळे आपल्या वकिलाकडून तपासून घेते. कर्ज नको म्हटले की ही तपासणीही जाते. म्हणून कर्ज घ्यायचे नसले तरी त्या इमारतीला कोणत्या बँका कर्ज देतात हे जरूर विचारावे. एकही देत नसेल तर त्याचे कारण शोधावे. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याला अनधिकृत इमारत कोसळून ७४ जीव गेले. ज्यांनी तेथे स्वस्त म्हणून संसार मांडला होता त्यांच्यासाठी बाजारातली तेजी काय आणि मंदी काय! अलीकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश दिला. बनावट परवानग्या दाखवून त्यांना रेराचे क्रमांक मिळवण्यात आले होते. तेव्हा नुसत्या रेराच्या क्रमांकावरही समाधान मानू नये, मंजुरीचे पत्र पालिकेत जाऊन ताडून पाहावे.

आणि ज्यांचे पैसे अडकले त्यांची मंदी संपली काय? २०१३ मध्ये आम्ही आणि आमच्या धाकट्या भावाने मिळून कल्याणच्या बाजूला एक फ्लॅट बुक केला. कबजा २०१६ ला मिळणार होता. इमारत पाचव्या स्लॅबवर थांबली. बिल्डरचे नाव लिहिण्यात अर्थ नाही, त्याच्यासारखे पुष्कळ झाले. तेव्हा रेरा नव्हता. आता नोंदणीकृत करारनाम्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही आणि घेतलेल्या पैशातले सत्तर टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. आमचे पैसे बहुधा दुसऱ्याच जमिनीत गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्राने अडकलेल्या प्रकल्पांसाठी २५ हजार कोटींचा निधी मंजूर केला, त्यातून देशभरात हजारो घरे पुरी झाली हे खरे आहे. आमच्या इमारतीपर्यंत तो आला नाही. बाजार वर गेल्यावर २०२३ मध्ये दुसऱ्या बिल्डरने काम हाती घेतले आणि जुन्या लोकांकडे जादा रक्कम मागितली. आम्ही दिली, कारण न देऊन करणार काय? दहावा स्लॅब पडला आहे, चावी मिळालेली नाही.

गुंतवणूक म्हणून दुसरे घर घेऊ पाहणाऱ्यांना एवढेच सांगू की मुंबई आणि आसपास घराचे वर्षाचे भाडे किमतीच्या मानाने थोडेच असते. बाकी सगळा नफा भाव चढण्याच्या आशेवर आहे आणि अब्बांची नऊ वर्षे आम्ही वर सांगितलीच आहेत. राहण्यासाठी घेणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला उद्या भाव पडला तरी छप्पर तेच राहते, फक्त ते छप्पर कागदावर पक्के हवे.

भाच्याला आम्ही बांधकाम चालू असलेल्या घराचा नाद सोडायला लावला. मुंब्र्याला एक जुना फ्लॅट पाहिला आहे, सोसायटी झालेली आहे, पाण्याचे आणि विजेचे मीटर नावावर आहेत. मालक ४२ लाख मागतो, भाचा ३९ वर थांबला आहे. आमच्या अंदाजाने चाळीस-साडेचाळीसच्या आसपास तुटेल, कारण मालकाला मुलीच्या लग्नासाठी रक्कम हवी आहे आणि पूर्ण पैसे एकदम देणारा दुसरा माणूस त्याच्याकडे अजून आलेला नाही. मालक म्हणतो ऑक्युपन्सी सर्टिफिकेट आहे, पण घरात सापडत नाही. ते पाहिल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही असे ठरले आहे. त्याने पुढच्या शुक्रवारपर्यंतची मुदत मागितली आहे आणि दरम्यान आम्ही पालिकेत नक्कल मिळण्यासाठी अर्ज टाकला आहे.